मुलांच्या हातच्या फरश्या, आजीच्या अंगणात

पावसाळ्यात दारापासून मोरीपर्यंत जायचं म्हटलं तरी काळ्या मातीत चप्पल रुतते. गेल्या आषाढात माझ्या सासूबाई अशाच घसरल्या. हाड मोडलं नाही, पण महिनाभर त्या एकट्या अंगणात उतरल्या नाहीत. दिवाळीला आजीला काय द्यायचं हे विचारलं तेव्हा धाकटी म्हणाली, "साडी नको, चालायला दगड देऊ." दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही ते केले.

साच्याला कुंडीखालची दहा इंची प्लॅस्टिकची ताटली चालते, फक्त दोन इंच खोल हवी. आतून जुनं तेल पुसून घ्या. एका फरशीला एक लिटरचं माप सिमेंट आणि तशीच तीन मापं वाळू लागते. नदीतली वाळू उपसून आणू नका, क्रश सँड चाळून घ्या. पाणी पाऊण लिटरच्या आतच, तेही थोडं थोडं. माल थालीपिठाच्या पिठासारखा हवा. आमची पहिली फरशी पिठल्यासारखी पातळ झाली आणि घाईनं दुसऱ्याच सकाळी काढली, तिचे तीन तुकडे झाले. अर्धा माल भरल्यावर कोंबडीच्या जाळीचा तुकडा ठेवा, मग उरलेला भरा आणि साचा जमिनीवर हलकेच आपटा, म्हणजे हवा निघते.

आता महत्त्वाचं. ओलं सिमेंट चुन्यासारखं कातडी खातं, आणि ते लगेच कळत नाही. कालवायचं काम मोठ्यांनीच, रबरी मोजे घालून, तोंडाला रुमाल बांधून करायचं. पंजाचा ठसा हवाच असेल तर मुलांच्या हातातही मोजा हवा. अंगाला लागलं तर भरपूर पाण्यानं धुवा. डोळ्यात गेलं तर बराच वेळ पाणी मारत राहा आणि तसंच दवाखान्यात न्या.

मग मुलांनी करायचं काय? पुष्कळ! खडे, शिंपले, फुटक्या कपबशा गोळा करायच्या, धुवायच्या, कागदावर रांगोळीसारखी नक्षी मांडायची. तुकड्यांच्या कडा आपण दगडावर घासून द्यायच्या. चंदीगडला नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या आणि कपबशांतून अख्खं रॉक गार्डन उभं केलं, ते 1976 साली लोकांसाठी खुलं झालं. पण तिथल्या पुतळ्यांवर कोणी चालत नाही! चालायच्या फरशीत काच नको, आणि गुळगुळीत चिनीमातीही थोडीच, कडेकडेला. मधला भाग खरखरीतच राहू द्या, नाहीतर पुन्हा आजीच घसरायची.

तुकडे वर टोचले तर खालीवर होतात, पायाला लागतात. त्यापेक्षा ते कणकेच्या खळीनं कागदावर उलटे चिकटवा, कागद साच्याच्या तळाशी ठेवा आणि वरून माल भरा. फरशी निघाल्यावर कागद भिजवून काढा, नक्षी सपाट येते. पानाचा ठसा मात्र वरूनच. शिरा असलेली बाजू खाली करून दाबा.

साचा दोन दिवसांनी काढा. पुढे सात दिवस ओल्या गोणपाटाखाली, सावलीत. लहानसं काम म्हणून हे कोणी टाळू नका, ताकद त्यातच येते. पन्नास किलोच्या गोणीत साधारण 35 फरश्या होतात. एका घराला एवढ्या कशाला? गटात चौघींनी मिळून गोणी घ्या आणि पावसाळ्याच्या आत संपवा. दमट हवेत सिमेंटचे गोळे होतात. बोटांनी चुरला जात नाही तो गोळा टाकूनच द्यायचा.

बसवताना चार-पाच इंच खणून मुरूम धुमसा, वर इंचभर वाळू पसरा. काळी माती उन्हात भेगाळते, पावसात फुगते, नुसत्या मातीवर ठेवलेली फरशी डुगडुगणारच. फरशी जमिनीच्या किंचितच वर ठेवा, जास्त वर आली तर ठेच लागते. दोन फरश्यांतलं अंतर आपल्या पावलानं मोजू नका. आम्ही सासूबाईंना चालायला लावलं आणि मुलांनी प्रत्येक पावलावर रांगोळीचा ठिपका दिला. त्यांचं पाऊल दीड फुटाचंही नव्हतं, म्हणून सहाऐवजी आठ फरश्या लागल्या.

स्वस्तिक, ओम, देवाचं नाव काही काढू नका, पाय पडतो. एवढं पाळूनही आमचं चुकलंच. थोरल्यानं हौसेनं पिंपळाचं पान उमटवलं होतं, सासूबाई त्यावर पाय ठेवीनात. ती फरशी आता तुळशीला टेकून उभी आहे, आणि तिच्या जागी करंजाच्या पानाची नववी करावी लागली.