‘इन्हेनियोसो’ : एका विशेषणाचा अर्थविचार

मिगेल दे सेर्व्हान्तेस यांच्या ‘दोन किहोते’ (मराठी वाचकांच्या परिचयाचा ‘डॉन क्विक्झोट’) या कादंबरीचा पहिला भाग १६०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात नायकाला ‘इन्हेनियोसो इदाल्गो’ म्हटले आहे. ‘इदाल्गो’ म्हणजे कनिष्ठ श्रेणीचा कुलीन गृहस्थ. प्रश्न आहे तो विशेषणाचा. ज्याचे डोके ग्रंथवाचनाने फिरले असे पहिल्याच प्रकरणात सांगितले जाते, त्याला ‘इन्हेनियोसो’ म्हणण्यात लेखकाचा हेतू कोणता? प्रस्तुत टिपणात याचा विचार करावयाचा आहे.

या विशेषणाच्या मुळाशी ‘इन्हेनियो’ हे नाम आहे. ते लॅटिन ‘इन्गेनियम’पासून आले असून त्याचा मूळ अर्थ ‘उपजत गुण’ असा आहे. स्पॅनिशमध्ये या नामाला बुद्धी, कल्पकता, यंत्र, इतकेच नव्हे तर उसापासून साखर करण्याचा कारखाना, असे अर्थ प्राप्त झाले. आजच्या भाषेत ‘इन्हेनियोसो’ हे विशेषण माणसाला लागले तर ‘कल्पक’, उपकरणाला लागले तर ‘युक्तीने घडविलेले’, आणि उत्तराला लागले तर ‘चतुर, मार्मिक’ असा अर्थ होतो.

सोळाव्या शतकात मात्र या शब्दाला शरीरशास्त्राचीही बाजू होती. उआर्ते दे सान हुआन या वैद्याने १५७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात माणसांच्या ‘इन्हेनियो’चे प्रकार शरीरप्रकृतीवरून ठरविले आहेत. त्याच्या मते स्मृतीला आर्द्रता, कल्पनेला उष्णता आणि आकलनाला शुष्कता पोषक असते. सेर्व्हान्तेसचा नायक अंगाने वाळलेला आहे. अतिवाचनाने व जागरणाने त्याचा मेंदू सुकून गेला, असे निवेदक सांगतो. या दोहोंतील नाते अनेक अभ्यासकांनी दाखविले आहे. त्या दृष्टीने पाहता बुद्धी आणि वेड ही एकाच प्रकृतीची दोन रूपे ठरतात.

कादंबरीतील अंतर्गत पुरावाही याला पोषक आहे. सहाव्या प्रकरणात पाद्री आणि न्हावी नायकाच्या ग्रंथांची झडती घेतात, ती त्याच्या वेडाचे मूळ नष्ट करण्यासाठी. तरीही त्या प्रकरणाच्या मथळ्यात तो ‘आपला इन्हेनियोसो इदाल्गो’च आहे. १६१५ च्या दुसऱ्या भागाच्या शीर्षकात ‘इदाल्गो’च्या जागी ‘काबायेरो’, म्हणजे सरदार, हा शब्द आला. विशेषण मात्र कायम राहिले. प्रस्तावनेत लेखक स्वतःच्या ‘इन्हेनियो’ला वांझ म्हणतो, हेही लक्षणीय आहे. निर्माता आणि त्याची निर्मिती यांना जोडणारा हा शब्द आहे.

अनुवादकाची अडचण येथेच सुरू होते. थॉमस शेल्टनने १६१२ च्या इंग्रजी अनुवादात ‘विटी’ हा शब्द योजला. त्या काळी त्यात बुद्धिमत्तेचा अर्थ ठळक होता. आज तो विनोदाकडे झुकला आहे. मराठीत ‘चतुर’ म्हटले की बिरबलासारखा प्रसंग निभावून नेणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. हा नायक तर प्रत्येक प्रसंगी मार खातो. ‘बुद्धिमान’मध्ये विवेक गृहीत धरला जातो. ‘प्रतिभावान’ने गौरव साधतो, पण उपरोध हरवतो. त्यातल्या त्यात ‘कल्पक’ हा शब्द जवळचा वाटतो. ‘कल्पना’ म्हणजे नवनिर्मितीची शक्ती, आणि नसलेले आहे असे मानणेही. पवनचक्कीत राक्षस पाहणाऱ्या माणसाला हे दोन्ही अर्थ लागू पडतात. प्रकृतीचा संदर्भ या शब्दात येत नाही, हे खरे. तो टीपेतच द्यावा लागेल. परंतु शहाणपण आणि भ्रम यांना एकत्र बांधणारी गाठ त्यात सुटत नाही, आणि या कादंबरीचा अर्थ त्या गाठीतच आहे.