तरण्या घोड्याची पाठ : उपचार करावेत की दयामरण द्यावे?

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत हौसेने घेतलेला दोन-अडीच वर्षांचा घोडा उन्हाळ्यात खोगीर ठेवताच चावू लागतो, स्वाराला उडवतो, किंवा मागच्या पायांत झोकांड्या खातो. मग कुणी डागण्या सुचवतो, कुणी म्हणतो, हा आता कामातून गेला. डागण्या देऊ नयेत. त्याने एका दुखण्यावर दुसरे चढते. दुखणे पाठीत आहे की मज्जारज्जूत, हे आधी ठरवावे. पुढचा सारा निर्णय त्यावर अवलंबून आहे.

घोडा सपाट जागी उभा करून कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांनी सावकाश दाब देत जावे. पाठ दुखत असेल तर तो ठराविक जागी पाठ झटकन खाली घेतो, कान मागे पाडतो. पण पाय मात्र नीट टाकतो. मज्जारज्जूला इजा असल्यास लहान वर्तुळात फिरवताना मागचा बाहेरचा पाय लांब फेकला जातो, मागे सारताना पाय घासतात आणि चालताना शेपूट बाजूला ओढली की तो सहज कलंडतो. ही परीक्षा पशुवैद्यकाकडूनच करवून घ्यावी. असा घोडा अंगावर पडू शकतो.

नुसती पाठ दुखत असेल तर दयामरणाचा विचार करू नये. घोड्याच्या मणक्यांची वाढ पुरी व्हायला पाच-साडेपाच वर्षे लागतात, आणि आपण दुसऱ्या वर्षीच त्याला वरातीला जुंपतो! खोगीर किमान तीन महिने उतरवावे. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेदनाशामक, नंतर हातात दोर धरून चालवणे, आणि पुन्हा काम सुरू करण्यापूर्वी खोगीर अंगाला बसते का हे पाहणे, एवढ्याने पुष्कळ घोडे सुधारतात. डायक्लोफिनॅक जनावरांना देण्यास २००६ पासून बंदी आहे, ते मागू नये. एक्स-रेमध्ये मणक्यांची टोके टेकलेली दिसली म्हणून खचू नये. न दुखणाऱ्या घोड्यांतही तशी आढळतात.

झोकांड्या खाणाऱ्या घोड्याची गोष्ट वेगळी. तरीही प्रथम रक्त तपासून घ्यावे. चावणाऱ्या माश्यांमुळे पसरणाऱ्या सर्रा रोगात येऊन-जाऊन ताप, पोटाखाली व पायांवर सूज आणि मागचा भाग दुबळा होणे ही लक्षणे दिसतात, आणि त्यावर औषध आहे. कणा गेला असे समजून असा घोडा मारला जाऊ नये. अशक्तपणा एकाएकी येऊन दिवसागणिक वाढत असेल तर पिसाळण्याची शंका घ्यावी, तोंडात हात घालू नये.

प्रस्तुत लेखक पीकशास्त्राचा, म्हणून चाऱ्याविषयी आवर्जून सांगतो. हिरवे सुदान गवत किंवा ज्वारी-सुदान संकरित चारा घोड्याला आठवडेच्या आठवडे घालू नये. त्याने मज्जारज्जूला इजा होते, लघवी थेंबथेंब गळते, मागचे पाय लटपटतात. घोडा पूर्ववत होणे अवघड असते. हाच चारा नीट वाळवून दिला तर सहसा हा त्रास होत नाही. तरण्या घोड्याला धान्याचा मारा करून भराभर वाढवू नये. झपाट्याने वाढणाऱ्या घोड्यांत मानेचे मणके मज्जारज्जूवर दाबतात.

आता कठीण भाग. घोडा उठवूनही उठत नाही आणि एक दिवस उलटला, औषधाखालीही वेदना थांबत नाहीत, किंवा तो वारंवार पडून स्वतःला व सांभाळणाऱ्याला इजा करतो, तर पशुवैद्यकाशी दयामरणाबद्दल स्पष्ट बोलावे. पडून राहिलेल्या घोड्याचे स्नायू स्वतःच्याच वजनाखाली मरतात. वरातीत नाचत नाही, हे मात्र कारण नव्हे. आणि वेदनाशामक टोचून तो पुढच्या बाजारात विकणे माझ्या मते सर्वांत वाईट. अपात्र जनावर कामाला जुंपणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाच आहे.

निर्णय झाला तर घोडा चालता असेपर्यंतच त्याला विहिरीपासून दूर, आधी खोदलेल्या खोल खड्ड्याजवळ न्यावे. इंजेक्शनचे औषध मृत शरीरात राहते. उघड्यावर टाकल्यास ते खाणारी कुत्री, गिधाडे मरतात.