कुकर लावलास ना, मग भाजी चिर

अगं, रात्री अकराला तुझा मेसेज आला, 'ताई, पायथनमधलं नॅट्सचं क्लायंट डोक्यावरून जातंय.' आधी चहा घे. घाबरण्यासारखं काही नाही.

बघ, नॅट्स हा निरोप्या आहे. एक प्रोग्राम 'ऑर्डर डॉट पुणे' अशा विषयावर निरोप टाकतो आणि ज्यांनी तो विषय सबस्क्राइब केलाय त्यांना तो मिळतो. टाकणाऱ्याला घेणारा ठाऊक नसतो. 'पुणे'च्या जागी चांदणी दिलीस की सगळ्या गावांच्या ऑर्डरी येतात. एवढं तुला जमलंय, मी बघितलं.

तू अडतेस ती 'असिंक'पाशी. खरं सांगू का, हे तू रोज करतेस. कुकर लावून शिट्ट्या होईपर्यंत त्याच्यासमोर उभी राहतेस का? कणीक मळतेस, भाजी चिरतेस, शिटी झाली की वळतेस. 'अवेट' म्हणजे तेवढंच गं: मला इथे थांबायचंय, तोवर दुसरं काम उरकून घ्या. पण ही कामं आलटून-पालटून उरकणारा इव्हेंट लूप एकच. तुझ्या कॉलबॅकमध्ये मी 'टाइम डॉट स्लीप' पाहिलं. त्याने सगळं घरच खोळंबतं. नवे निरोप वाचले जात नाहीत, सर्व्हरच्या 'पिंग'ला 'पाँग' जात नाही, आणि फार वेळ गप्प राहिलीस तर सर्व्हर कनेक्शन तोडून मोकळा होतो. त्याजागी 'एसिंकआयओ डॉट स्लीप' घाल, पुढे अवेट लाव. डेटाबेसची जुनी लायब्ररी अवेट होत नसेल, तर ते काम 'टू थ्रेड'कडे दे.

आता माझी चूक ऐक, म्हणजे तू करणार नाहीस. पहिल्या नोकरीत प्रोग्राम थांबवताना मी सरळ 'क्लोज' करायचे. रांगेतले निरोप तसेच राहायचे, दिवसाची शेवटची बिलं निघायचीच नाहीत. तीन दिवस मी सर्व्हरमध्येच दोष शोधत बसले होते. हवं होतं 'ड्रेन'. ते नवे निरोप घेणं थांबवतं, आलेले पुरे करतं, मग कनेक्शन बंद करतं. पंगतीला बसलेल्यांना उठवायचं नाही, दार तेवढं लावायचं.

नेट गेलं तर काय, असं विचारलंस. क्लायंट आपणहून पुन्हा जोडतं. काही बदललं नाहीस तर दोन-दोन सेकंद थांबून, 60 वेळा. पण साध्या नॅट्समध्ये तेवढ्या वेळात तुझ्यासाठी आलेले निरोप गेले ते गेलेच, सर्व्हर ते जपून ठेवत नाही. तापमानाच्या नोंदींना ते चालेल, पैशांच्या हिशोबाला नाही. तिथे नॅट्सचाच जेटस्ट्रीम वापर: तो निरोप साठवतो आणि तुझी पोच मिळाली नाही तर पुन्हा पाठवतो. म्हणून एकच निरोप दोनदा आला तरी बिल दोनदा निघणार नाही, एवढी काळजी तू घ्यायचीस.

आणि जोडताना स्वतःचा एरर कॉलबॅक दे बाई. तू मागे पडतेस, निरोप गळतायत, हे 'स्लो कन्झ्युमर' म्हणून तिथेच कळतं.

उद्या आधी ते स्लीप काढ, चालवून बघ, मग मला फोन कर. साडेनऊनंतर कर, तोवर माझे डबे भरून होतात.