वाटी घेऊन मागे धावू नकोस

अगं, तीन वर्षांचं पोर वरण-भात आणि बिस्किटंच मागतं, भाजीला तोंड लावत नाही म्हणून इतकी हवालदिल होऊ नकोस. दोन ते सहा या वयात बरीच मुलं अशी वागतात. परवा मागून खाल्लेला भोपळा आज ताटाबाहेर ढकलतात. त्यात तुझं काही चुकलेलं नसतं.

आधी भुकेचा हिशेब बघ. जन्मताना साधारण ३ किलोचं बाळ पहिल्या वाढदिवसाला ९ किलोच्या आसपास असतं. दुसऱ्या वर्षात मात्र वजन जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढच मंदावली तर पहिल्यासारखी भूक कुठून येणार? आपण मात्र वाटी तशीच काठोकाठ भरतो आणि ती संपली नाही की जीवाला घोर लावून घेतो.

म्हणून कामं वाटून घे. काय शिजवायचं, किती वाजता आणि कुठे बसून जेवायचं, हे तू ठरव. त्यातलं काय आणि किती खायचं, हे त्याला ठरवू दे. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी ही वाटणी मांडली. ऐकायला सोपी आहे, पण "एकच घास, माझ्यासाठी!" हे ओठांवर आलेलं वाक्य गिळणं जड जातं, आधीच सांगून ठेवते.

नवी भाजी एकदा थुंकली म्हणजे कायमची नावडती झाली असं नाही. आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळासुद्धा ती समोर यावी लागते. चमचाभरच वाढ आणि शेजारी त्याच्या ओळखीचं काहीतरी असू दे. नुसतं बोट लावलं, वास घेतला, चाटून परत ठेवलं, तरी पुष्कळ झालं. कडू चव मुलांना आपल्यापेक्षा जास्त झोंबते, तेव्हा कारलं राहू दे. लाल भोपळ्याचे घारगे कर, गाजराची दह्यातली कोशिंबीर कर, मग मेथीचं थालीपीठ. दुधी किसून थालीपिठात खुशाल घाल, पण चोरून नको. आपण दुधी खाल्ला हे त्याला कळलं पाहिजे. नाहीतर उद्या भाजीच्या फोडी दिसल्या की पुन्हा तोच तमाशा.

"भाजी संपव, मग चॉकलेट" हा सौदा आजपासून बंद. त्याने चॉकलेटचा भाव वाढतो आणि भाजी शिक्षा वाटू लागते. मोबाइलही बाजूला ठेव. कार्टून बघताना घास आत जातात खरे, पण पोट भरलं की नाही याकडे त्याचं लक्षच राहत नाही.

जेवणाआधी पोटात काय काय जातं, तेही तपास. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर नको. दुधाने पोट भरतं, आणि त्यात लोह जवळजवळ नसतंच. सासूबाईंना "मधेमधे लाडू देऊ नका" म्हणालीस तर उगाच खटका उडेल. त्यापेक्षा लाडू चारच्या खाण्यात बसव आणि मेथीची जुडी आजी-नातवापुढे ठेव. स्वतः खुडलेल्या पानांचं काय झालं, हे बघायला तो स्वयंपाकघरात येईलच.

वजन उतरत असेल, घास गिळताना ठसका लागत असेल, माती किंवा खडू खात असेल, किंवा चार-पाच पदार्थांपलीकडे काहीच चालत नसेल, तर मात्र घरगुती उपाय करत बसू नकोस, बालरोगतज्ज्ञांना दाखव.

आणि आज रात्री त्याच्यासाठी वेगळा डोसा घालू नकोस. सगळ्यांचंच वाढ, त्यात वरण-भात आहेच. मग तूही पान घेऊन त्याच्या शेजारी बस. त्याला भरवण्याच्या नादात तू उरलेली भाजी ओट्याशी उभ्याउभ्या खातेस, ती त्याला दिसणार कधी? पोराने भाजी खायला हवी तर आधी आई ती गरमगरम, चवीने खाताना दिसू दे.