ढालकिडा : परसबागेतला बिनपगारी राखणदार

आमचा धंदा कापडाचा, मग किडामुंगीची चर्चा कशाला, असे काही वाचक बांधवांना वाटेल. परंतु देऊळगाव राजासारख्या गावात कापडाची उधारी कपाशीवरच फिटते. शेतकऱ्याने फवारणीवर जेवढी रक्कम जास्त घातली, तेवढी आमची वसुली दिवाळीवरून संक्रांतीवर जाते. शिवाय आपल्यापैकी कित्येकांच्या घरामागे वांगी, मिरची, डाळिंब, जास्वंद लावलेली असते. तिथेही थोडी कीड दिसली की आपण औषधाचा डबा उघडतो.

मावा म्हणजे पानाच्या खालच्या बाजूस चिकटून रस शोषणारी बारीक कीड. तिच्या अंगातून गोड चिकट पाणी निघते, ते पानावर सांडते आणि त्यावर काळी बुरशी चढते. कपाशीचे बोंड फुटल्यावर हाच चिकटा रुईवर पडला, तर तो माल पुढे सूतगिरणीत रुळांना चिकटतो आणि धागा तुटतो. पांढऱ्या माशीचेही तसेच. म्हणजे शेतातल्या मावाचा हिशेब शेवटी कापडाच्या ठाणापर्यंत येतो.

या मावाचा वैरी म्हणजे ढालकिडा. इंग्रजीत यालाच लेडीबर्ड म्हणतात. अर्ध्या मिरीएवढा, पाठीवर ढालीसारखे लाल किंवा पिवळसर कवच, त्यावर काळे ठिपके अथवा नागमोडी रेघा. आपल्याकडे सात ठिपक्यांचा आणि नागमोडी रेघांचा असे दोन प्रकार सर्रास दिसतात. मृगाच्या पहिल्या पावसानंतर निघणारी मखमली लाल बीरबहुटी ती ही नव्हे. आम्ही उर्दू शाळेत असताना दोन्ही एकच समजत होतो. बीरबहुटीला पाय आठ असतात, ती कोळ्यांच्या जवळची. ढालकिड्याला पाय सहा.

पूर्ण वाढलेला ढालकिडा दिवसाला पन्नासच्या आसपास मावा खातो. पण खरा खादाड तो नव्हे, त्याची अळी. मादी मावाच्या वस्तीजवळच पिवळ्या, उभ्या अंड्यांचा पुंजका घालते. त्यातून काळसर, नारिंगी ठिपक्यांची, लहानशा मगरीसारखी दिसणारी अळी निघते. तीन-चार आठवड्यांत अंड्यापासून भुंगेरा तयार होतो, आणि तेवढ्यात एकेक अळी शेकड्यांनी मावा फस्त करते.

इथेच आमची चूक झाली. परसातल्या वांग्यावर मावा आला, त्यात या काळ्या अळ्या फिरताना दिसल्या. आम्ही समजलो, नवीन रोग आला. कडक औषध मारले. मावा मेला, अळ्याही मेल्या. पंधरा दिवसांत मावा पूर्वीपेक्षा जास्त आला आणि त्याला खाणारे मात्र कोणी उरले नव्हते. दुकानावर आलेल्या एका जुन्या गिऱ्हाइकाने झाड पाहून सांगितले, "चाचा, तुम्ही राखणदारालाच मारलं." मावाची पैदास झपाट्याने होते, ढालकिड्याची सावकाश, एवढा साधा हिशेब आम्हाला ठाऊक नव्हता.

ही गोष्ट नवीन नाही. 1888-89 साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात संत्र्याच्या बागा खवले किडीने बसत चालल्या होत्या. अल्बर्ट कोबेल नावाच्या गृहस्थाने ऑस्ट्रेलियातून ढालकिड्याची एक जात धाडली आणि दीड-दोन हंगामांत बागा सावरल्या. आपल्या देशातही 1898 साली कॉफीवरील किडीसाठी ऑस्ट्रेलियाहून दुसरी एक जात आणली होती. द्राक्ष, सीताफळावरील पिठ्या ढेकणासाठी तिचे भुंगेरे आज प्रयोगशाळेत वाढवून विकले जातात. मात्र साध्या मावासाठी परसात किडे विकत आणण्याची गरज नाही. खाणे असेल तर ते आपण होऊन येतात.

त्यांना थांबवण्यासाठी कडेला चवळीची एक ओळ लावावी. चवळीवर मावा लवकर येतो, त्यावर ढालकिडे पोसतात आणि नंतर मुख्य झाडांकडे वळतात. थोडी कोथिंबीर व बडीशेप फुलावर येऊ द्यावी. भुंगेऱ्यांना परागही लागतो. झाडावर मुंग्यांची रांग असेल तर आधी तिचा बंदोबस्त करावा, कारण गोड चिकट्याच्या लोभाने मुंग्या मावाची राखण करतात आणि ढालकिड्याला हुसकावतात. मावा फारच वाढला तर पाण्याचा जोरदार फवारा, नाहीतर पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी मारावा. कपाशीत पानामागे सरासरी 10 मावा होईपर्यंत औषधाची घाई करू नये, असे शेतकी पत्रके सांगतात. ही काटकसर केवळ पैशाची नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरून चालणार नाही.

आपल्या तालुक्यात बीजोत्पादनाची शेडनेट गावोगाव आहेत. तिथे वेगळी अडचण आहे. बारीक जाळी किडीला अडवते तशी ढालकिड्यालाही अडवते. रोपांबरोबर मावा आत गेला, तर त्याला बाहेरचा वैरी भेटत नाही. तिथे रोप आत नेण्यापूर्वीच पानाची मागची बाजू तपासून घ्यावी.

ढालकिड्याच्या भरवशावर बोंडअळी सोडून देऊ नये. ते काम त्याच्या आवाक्यातले नाही. आणि वांग्यावर मळकट तांबूस, बारीक लव असलेला, अठ्ठावीस ठिपक्यांचा भुंगेरा दिसला, पानाची जाळी झाली, तर तो राखणदार नव्हे. तो त्याच खानदानातला, पण पाने खाणारा हड्डा भुंगेरा. त्याला बेलाशक वेचून साबणाच्या पाण्यात टाकावे.