विहिरींच्या पाण्याचा प्रकल्प आणि गावाचा सल्ला

शालेय विज्ञान-प्रदर्शनाचा दिवस जवळ आला म्हणजे आपल्या शाळांतून जी धावपळ सुरू होते, ती आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. विषय गुरुजी निवडतात, पुठ्ठा व रंग गुरुजी आणतात, तारा जोडून देणारा बहुधा गावातीलच एखादा जाणकार असतो, आणि विद्यार्थ्याच्या वाट्याला उरते ते केवळ पाठ केलेले निवेदन. परीक्षकांनी निवेदनाबाहेरचा एखादा प्रश्न विचारला, की मुलगा उत्तरासाठी आपल्या प्रयोगाकडे न पाहता गुरुजींच्या तोंडाकडे पाहतो. प्रस्तुत लेखकाने अशी प्रदर्शने कित्येक वर्षे भरविली आहेत व त्यांत बक्षिसेही मिळविली आहेत. तेव्हा हा दोष दुसऱ्या कोणाचा म्हणून सांगण्याचे कारण नाही.

बाहेरची जाणती माणसे आपण बोलावीत नाही असे नव्हे. परंतु ती बोलावतो केव्हा? फीत कापावयाची असते तेव्हा. त्या वेळी त्यांच्या ध्यानात एखादी चूक आली, तरी ती सुधारण्यास अवधी उरलेला नसतो. पाहुणे 'छान' म्हणतात, नारळ घेतात व निघून जातात. हीच माणसे प्रकल्प कागदावर कच्चा असताना बोलावली, आणि 'जाणती' या शब्दात पदवीधर तज्ज्ञांबरोबर ज्यांच्या शेतात, घरात वा आडावर तो प्रकल्प व्हावयाचा आहे त्यांचीही गणना केली, तर काय घडते, हे एका उदाहरणाने सांगावयाचे आहे.

पठारावरील एका लहान गावी मी शिक्षक असताना सातवीच्या वर्गात एक प्रश्न निघाला. गावातील काही विहिरी होळीपूर्वीच आटतात व काहींना वैशाखातही पाणी असते, हे कसे? प्रश्न मुलांचाच होता. आटणाऱ्या विहिरींपैकी एक वर्गातील एका मुलीच्या घरची होती आणि फाल्गुन लागला की शाळेत येण्यापूर्वी तिला पाण्याच्या दोन खेपा कराव्या लागत.

मुलांनी पहिला आराखडा केला तो असा : गावातील सर्व 22 विहिरींची पाणीपातळी दर रविवारी दोरी सोडून मोजावयाची व वर्षअखेर तक्ता करावयाचा. एरवी असा कागद हाती आला की तांबड्या शाईने तो तेथल्या तेथे दुरुस्त करण्याची माझी सवय. या वेळी मात्र तो मोठ्या अक्षरांत लिहवून घेतला, खाली सूचनांसाठी अर्धा कागद कोरा ठेवला आणि एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर व एक पिठाच्या गिरणीत लावली. गिरणी मुलींनी सुचविली. पंचायतीच्या फलकापाशी बायका थांबत नाहीत, गिरणीत दळण होईपर्यंत थांबावेच लागते, असे त्यांचे म्हणणे होते.

आठ दिवसांत कागदावर दोन ओळींपलीकडे काही उमटले नाही. लिहिण्याची सवय नसलेल्या माणसांपुढे कोरा कागद टांगणे म्हणजे त्यांचे मत मागणे नव्हे, ही गोष्ट माझ्या आधीच ध्यानात यावयास हवी होती. मग मुले दोघे-दोघे मिळून संध्याकाळी गिरणीत व पारावर जाऊन बसू लागली, आराखडा वाचून दाखवू लागली आणि लोक बोलतील ते लिहून आणू लागली.

त्या भागात त्या वेळी शेतीची वीज एक आठवडा दिवसा व एक आठवडा रात्री येई. एक शेतकरी मुलांना म्हणाले, "माझी मोटार रात्रभर चालली असली तर सकाळी विहीर खालीच दिसणार. मग तुम्ही विहीर मोजली की माझी मोटार?" विज्ञानाच्या पुस्तकात 'मोजमापाची परिस्थिती समान असावी' असे जे वाक्य मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो, त्याचा अर्थ मुलांना त्या दिवशी कळला, खरे सांगावयाचे तर मलाही कळला. एका वृद्ध बाईंनी विचारले, "पोरांनो, आमच्या वस्तीचा आड तुमच्या यादीत कसा नाही? त्याच्यावर मोटार नाही म्हणून त्यातलं पाणी पाणी नव्हे काय?" मुलांनी यादी खरोखरच वीजपंपांवरून केली होती. ज्या आडावर चाळीस घरे अवलंबून, तोच नेमका सुटला होता.

तिसरी सूचना आली ती गावच्या पाणाड्याकडून. तळहातावर नारळ ठेवून पाणी सांगणाऱ्या या गृहस्थांचे म्हणणे वहीत घ्यावे की नाही, याविषयी वर्गात वाद झाला. ते 'एक मत' म्हणून घ्यावे व पडताळून पाहावे, असे अखेर ठरले. नारळाचा पडताळा आम्हांला घेता आला नाही. पण या गृहस्थांनी उभ्या आयुष्यात अनेक विहिरी खणताना पाहिल्या होत्या. मुरूम किती हातांवर संपला व काळा पाषाण कोठे लागला, हे त्यांना विहिरीगणिक ठाऊक होते. त्यांनी विचारले, "पाणी कुठवर आहे ते लिहाल, पण विहिरीचा तळ कुठे आहे ते लिहिलंय का?" ते कोणीच लिहिले नव्हते. या प्रश्नाचे मोल पुढे कळेल.

यानंतर तज्ज्ञांना पत्र लिहिले. मुलांचे पहिले पत्र मीच बाजूस ठेवावयास लावले, कारण त्यात 'योग्य ते मार्गदर्शन करावे' एवढीच विनंती होती. असे पत्र ज्यांच्या हाती पडते त्यांना नेमके काय सांगावे हे कळत नाही. दुसऱ्या पत्रात दोनच प्रश्न होते : 22 विहिरी मोजाव्यात की थोड्या, आणि पाणी बिनचूक मोजावे कसे? सोबत मुलांनी काढलेला गावाचा नकाशा व लोकांच्या सूचनांची नक्कल जोडली. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातून एक भूवैज्ञानिक आले. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी कोणत्याही शाळेस उपयोगी पडतील, म्हणून थोड्या विस्ताराने देतो.

ही यंत्रणा राज्यातील निवडक निरीक्षण-विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे या महिन्यांत, मोजते. मुलांनीही हेच महिने धरले तर आपल्या आकड्यांची जवळच्या निरीक्षण-विहिरीच्या आकड्यांशी तुलना करता येईल. दर रविवारची दगदग नको. विहिरी थोड्याच घ्याव्यात : दोन ओढ्याकाठच्या, दोन मधल्या, एक चढावरची आणि सहावा तो आड. कठड्यावर रंगाने एक कायमची खूण करावी व प्रत्येक वेळी तेथूनच मोजावे. पंप बंद होऊन निदान रात्र उलटलेली असावी. सुती दोरी भिजली की आखडते, म्हणून वजन बांधलेली धातूची फीत घ्यावी. तिच्या खालच्या हातभर भागास फळ्याचा खडू फासावा. फीत पाण्यात थोडी बुडवून वर घेतली की खडूवर ओली रेघ स्पष्ट दिसते. समजा, खुणेपाशी फितीवर 12 मीटर आले व तळाकडील 40 सेंटिमीटर भिजले, तर खुणेपासून पाणी 11.60 मीटरवर आहे. कठडा 80 सेंटिमीटर उंच असेल तर जमिनीपासून ते 10.80 मीटरवर. सहावीतील दशांश अपूर्णांकांना याहून चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी मुलांना फार प्रामाणिकपणे सांगितली. आपल्या पठाराचा काळा पाषाण थराथरांचा आहे. पाणी राहते ते मुरमाड भागात व भेगांत, आणि भेगा सर्वत्र सारख्या नसतात. शंभर पावलांवरच्या दोन विहिरी एकसारख्या वागतीलच असे नाही. म्हणून एका वर्षाच्या मोजमापावरून 'का' याचे पुरे उत्तर मिळणार नाही. कोणत्या विहिरीचे पाणी केव्हा किती उतरले, एवढे मिळेल. मुले हिरमुसली, पण प्रकल्पाचे शीर्षक त्यांनी स्वतःच बदलले.

तज्ज्ञ आले म्हणजे त्यांचे सर्वच ऐकावे असे नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. याच पाहुण्यांनी उत्साहाच्या भरात पाण्यातील क्षार उपकरणाने मोजावेत, प्रत्येक विहिरीची समुद्रसपाटीपासूनची उंची काढावी, असेही सुचविले. सूचना उत्तम होत्या, पण त्या त्यांच्या प्रकल्पाच्या होत्या, मुलांच्या नव्हत्या. अशा प्रसंगी शिक्षकाने भिडेस पडू नये. आमच्या वर्गातील एका मुलाने सरळ विचारले, "याने आमच्या प्रश्नाचे उत्तर लवकर मिळेल का?" पाहुणे हसले व 'नाही' म्हणाले.

याबाबत मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्याचा, म्हणजे आताच्या नर्मदापुरमचा, अनुभव शिक्षकांनी जाणून घेण्यासारखा आहे. तेथे 1972 मध्ये किशोर भारती व फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी 16 माध्यमिक शाळांतून विज्ञान-शिक्षणाचा एक प्रयोग आरंभिला. विद्यापीठांतील व संशोधनसंस्थांतील शास्त्रज्ञ त्यात होते. पण त्यांनी लिहिलेले पाठ वर्गात चालवून पाहिले जात व शिक्षकांच्या अनुभवानुसार बदलले जात. मुलांनी मनातले प्रश्न पत्राने विचारावेत म्हणून 'सवालीराम' नावाचे एक काल्पनिक पात्र निर्माण केले होते आणि पत्रांना उत्तरे जात. पुढे 1978 मध्ये हा कार्यक्रम जिल्हाभर पसरला. 2002 मध्ये राज्यशासनाने तो बंद केला. बंद का झाला हा निराळा व कटू विषय आहे. पण शास्त्रज्ञाने खेड्यातील शिक्षकाच्या हरकतीवरून आपला पाठ बदलावा, ही गोष्ट तीस वर्षे चालली होती, एवढे आपल्या कामाचे आहे.

आता अडचणीकडे येतो. आराखडा ग्रामसभेत वाचला तेव्हा चढावरच्या विहिरीचे मालक उठून म्हणाले, "गुरुजी, माझ्या विहिरीला मे महिन्यात पाणी असतं हे पोरांनी कागदावर मांडलं, तर टंचाईत माझीच विहीर ताब्यात घेतील. मग माझ्या बागेचं काय?" ही भीती काल्पनिक नव्हती. टंचाईच्या काळात खाजगी विहिरी अधिग्रहित केल्या जातात. माझ्या मनात प्रथम आले, की सरपंचांकरवी त्यांची समजूत घालावी. वर्गात चर्चा झाली तेव्हा जिच्या घरची विहीर आटत होती तीच मुलगी म्हणाली, "विहीर त्यांची आहे. त्यांना नको तर नको." ती विहीर वगळली. ते गृहस्थ शेवटपर्यंत राजी झाले नाहीत, आणि तीच विहीर आमच्या प्रश्नाविषयी सर्वांत अधिक सांगू शकली असती. हे नुकसान मुलांनी पत्करले, मीही पत्करले. उरलेल्या प्रत्येक मालकाकडे मुले पुन्हा गेली व मोजण्याची एक आणि आकडे लोकांपुढे मांडण्याची दुसरी, अशी दोन संमती वेगवेगळ्या मागितल्या. विहिरींना नावांऐवजी क्रमांक देऊन हा प्रश्न सुटत नाही. लहान गावात क्रमांक दोनची विहीर कोणाची हे शेंबडे पोरही सांगते.

मार्चच्या मोजमापात जे दिसले ते साधेच होते. त्या मुलीच्या घरच्या विहिरीचे पाणी जमिनीपासून सुमारे 9 मीटरवर होते. जवळजवळ समान पातळीवरच्या शेजारच्या विहिरीचेही तितकेच. पण पहिलीचा तळ होता सव्वानऊ मीटरवर आणि दुसरीचा चौदावर. आपली विहीर 'अभागी' आहे असे त्या घरात म्हणत. ती केवळ उथळ होती. तळ मोजण्याची सूचना कोणी केली होती ते मुलांनी तक्त्याखाली लिहिले, आणि पाणाडे गृहस्थ तक्ता पाहावयास दोनदा येऊन गेले.

सूचनांच्या नोंदीसाठी आम्ही जी वही केली तिला तीन रकाने होते : सूचना काय, घेतली की नाही, आणि का. तिसरा रकाना भरताना मुलांचा कस लागतो. 'वेळ नाही' हे कारण चालते. 'नको वाटले' हे चालत नाही. ज्यांची सूचना घेतली नाही त्यांना मुलांनी जाऊन कारण सांगावे. एकदा विचारून पुन्हा तोंड न दाखविणाऱ्यास लोक दुसऱ्यांदा मनापासून सांगत नाहीत.

तज्ज्ञ मिळावयाचे कोठून, असे कोणी विचारील. विषय पिकांचा असेल तर कृषी विज्ञान केंद्र आहे, आजारांचा असेल तर आरोग्यसेविका आहेत. जवळच्या महाविद्यालयातील भूगोलाचे वा वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक बहुधा आनंदाने येतात, मात्र त्यांना प्रश्न नेमका विचारला पाहिजे. 10 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी 1993 पासून भरत आलेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेचा भरही परिसरातील प्रश्नांवर गटाने केलेल्या अभ्यासावरच राहिला आहे. तेव्हा असे काम शाळेबाहेर मांडावयाचे झाल्यास वाट आहे. पाण्याच्या आकड्यांचे गावाला काय करता येते ते पाहावयाचे असेल, तर अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे एकदा मुलांची सहल न्यावी. तेथे पाण्याचा ताळेबंद गावापुढे मांडून पिके ठरविण्याची रीत आहे.

सुरक्षिततेविषयी एक कडक नियम ठेवावा. कठडा नसलेली विहीर, ती कितीही महत्त्वाची असो, यादीत घेऊ नये. मोजताना शिक्षक व मालकांच्या घरचे एक मोठे माणूस हजर असावे. फीत मोठ्या माणसाने सोडावी व मुलांनी ओली रेघ वाचून आकडा लिहावा. तसेच ऑक्टोबरचे पहिले मोजमाप रब्बीचा उपसा सुरू होण्यापूर्वी घ्यावे लागते. म्हणून आराखडा जुलैतच तयार करून गिरणीत, पारावर व आडावर वाचून व्हावा, आणि आलेल्या सूचनांसह तो 15 ऑगस्टच्या ग्रामसभेपुढे मुलांनी स्वतः वाचावा.