स्थानिक चाहते आणि परदेशी चाहते

लिव्हरपूलची जर्सी घालणारी, रात्री जागून सामने बघणारी मुलं आपल्याकडेही आहेत. पण खुद्द लिव्हरपूलच्या लोकांना असे परदेशी चाहते कसे वाटतात, हा प्रश्न मुलांना जरूर विचारा.

तिथल्या ॲनफिल्ड मैदानावर पिढ्यान्‌पिढ्या जाणारी घरं आहेत. दुरून आलेल्याचं त्यांना कौतुकही वाटतं. पण तो गाणी न म्हणता नुसते फोटो काढत बसला, की त्याला ‘टूरिस्ट’ म्हणतात.

या नाराजीच्या मुळाशी तिकिटाचा दर आहे. लांबून एकदाच येणारा जास्त पैसे मोजतो; दर सामन्याला येणाऱ्याला ते झेपत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये क्लबने पुढच्या हंगामासाठी ७७ पौंडांचं तिकीट जाहीर केलं. तेव्हा हजारो प्रेक्षक ७७व्या मिनिटाला चालू सामना सोडून निघून गेले! काही दिवसांतच मालकांनी दरवाढ मागे घेतली. म्हणजे त्यांचं भांडण मालकांशी होतं, पाहुण्यांशी नव्हे.

वर्गात चर्चा घ्या: आपल्या गावच्या जत्रेत बाहेरची गर्दी वाढली आणि गावकऱ्यांनाच जागा मिळेना, तर राग कोणावर काढाल? का?